सूचीत नसलेला शब्द

“मॅडम, आता तिला न्यायचं तरी कशाला? पोरानं आपल्याच पुस्तकात बघितलंय.”

मामा हे म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता आणि ते नेहमीसारखे कडा जुळवत होते. २०१९ ची दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मामा परिचर होते, मी ग्रंथपाल. रोज संध्याकाळी टेबलांवर उघडी पडलेली पुस्तकं ते रॅकवर लावायचे. इंग्रजी येत नव्हतं, पण कण्याचा रंग आणि त्यावरच्या चिठ्ठीचा आकडा बघून कुठलंही पुस्तक बिनचूक जागेवर ठेवायचे. त्यांच्या बायकोला पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, कॅन्सर निघाला होता. तुकडा तपासून झाला होता, स्कॅन झाला होता, शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू करायची तारीख मिळाली होती. त्या तारखेच्या आधी त्यांचा मुलगा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेला, एका दुपारी मेडिकलच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आला होता. “एकदा पुस्तकात बघायचंय, मॅडम.” देवघेवीच्या खिडकीपाशी विद्यार्थ्यांची गर्दी होती. मी संदर्भ विभागातून स्त्रियांच्या कर्करोगांवरचा जाडजूड ग्रंथ काढून त्याच्यापुढे ठेवला आणि परत खिडकीशी गेले. अर्ध्या तासाने त्याने मोबाइलवर एका पानाचा फोटो काढला, पुस्तक मिटलं, “झालं” म्हणाला आणि गेला. शेकाची तारीख उलटून त्यावर बारा दिवस गेले, तेव्हा कुठे मामा बोलले.

मी त्या मुलाला बोलावून घेतलं. त्याने मोबाइल पुढे केला. फोटोत एक तक्ता होता आणि ‘थ्री सी’ या ओळीभोवती त्याने लाल गोल काढला होता. आजार ओटीपोटाच्या बाहेर पोटाच्या आवरणावर पसरलेला, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठे डाग. आईच्या रिपोर्टवर ‘थ्री सी वन’ लिहिलेलं. मी बोटांनी फोटो लहान केला आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात बघितलं.

प्रकरण अंडाशयाचं होतं.

तो चुकला असं मला आजही म्हणवत नाही. त्याने आधी गर्भाशयमुखाचंच प्रकरण उघडलं होतं, पण तिथल्या तक्त्यात तिसऱ्या टप्प्याच्या ए आणि बी अशा दोनच पायऱ्या होत्या. सी नव्हतीच. हे टप्पे फिगो, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना, ठरवते. तिने २०१८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतवारी बदलली. तोवर लसिका ग्रंथींत आजार शिरलाय का, हे टप्पा ठरवताना धरत नसत. गरीब देशांत सगळीकडे स्कॅन होत नाहीत, म्हणून हाताने तपासून आणि एक्स-रेसारख्या साध्या तपासण्यांतून कळेल तेवढ्यावर टप्पा ठरायचा. २०१८ पासून स्कॅनमध्ये किंवा तुकड्यात दिसलेलंही धरायला लागले आणि ओटीपोटातल्या ग्रंथींत आजार असेल तर त्याला तीन-सी-एक म्हणायला लागले. मामींची गाठ तोंडापुरतीच होती, बाजूच्या एका ग्रंथीत शिरलेली. मी त्या मुलापुढे ठेवलेली आवृत्ती २०१२ ची. तिच्या हिशोबाने मामी पहिल्या टप्प्यात बसल्या असत्या. नव्या हिशोबाने तिसऱ्यात, पण उपचार मात्र बरं करण्यासाठीचेच. आणि मुलाने वाचलेल्या पानाच्या हिशोबाने आजार पोटभर पसरलेला. एकाच बाईची तीन भविष्यं माझ्या टेबलावर पडली होती आणि त्यातलं तिसरं मी माझ्या हाताने तिच्या घरी पोचवलं होतं. नवी आवृत्ती विकत घ्यायची शिफारस माझ्याच खणात होती. अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत थांबू, असं मीच म्हटलं होतं.

त्याच दिवशी मामांना घेऊन त्या मुलाने त्यांच्या डॉक्टरांना गाठलं, दोन दिवसांनी शेक सुरू झाला. बारा दिवसांनी किती फरक पडला असेल, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा मला शिकवलं होतं की संदर्भग्रंथ पारखायचा तो लेखकाच्या पदव्यांवरून, प्रकाशकाच्या नावावरून, बांधणी आणि सूचीवरून. ते खोटं नाही. पण वैद्यकाच्या ग्रंथालयात दहा-बारा वर्षं काढल्यावर मी पहिल्यांदा बघायला लागले त्या तारखा. मुखपृष्ठाच्या मागच्या पानावरचं साल एक असतं आणि मजकुराचं वय वेगळं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचे संदर्भ काढून त्यातला सगळ्यात अलीकडचा कुठला, ते बघायचं. तीन-चार डझन लोकांनी लिहिलेल्या ग्रंथात एक प्रकरण वेळेवर येतं, दुसरं दोन वर्षं अडतं, आणि मग सगळी मिळून एका सालाखाली छापली जातात. २०१२ चं म्हणून घेतलेलं पुस्तक आतून बऱ्याचदा २००९ चं असतं. बाकी विषयांत हे चालून जातं. शरीररचनेचं चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक आजही उपयोगाला येतं, हाड आहे तिथेच आहे. कर्करोगात तीन वर्षांत पान फिरतं. याच गर्भाशयमुखाचं बघा: सुरुवातीच्या टप्प्यातली पिशवी दुर्बिणीने काढली काय किंवा पोट उघडून काढली काय, आजारावर परिणाम सारखाच, असं पुस्तकं बिनधास्त सांगत होती. २०१८ मध्ये दोन्ही पद्धतींची समोरासमोर चाचणी प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोट उघडलेल्यांत ९६.५ टक्के, दुर्बिणीवाल्यांत ८६. छोटी जखम, लवकर घरी, म्हणून ज्या पानाचं कौतुक होत होतं ते एका दिवसात धोक्याचं झालं. पण ज्या ज्या ग्रंथालयांत ते पान होतं, तिथे ते तसंच उघडून वाचलं जात राहिलं. पुस्तकाला काही कळत नाही की आपण शिळे झालोय.

मला पुस्तकं बाद करायला कधी जड गेलं नाही, असं नाही. निर्लेखनाची यादी करताना हात थांबतोच. दाखल नोंदवहीत आपल्याच अक्षरात वीस वर्षांपूर्वी लिहिलेला क्रमांक असतो, किंमत असते, त्यावर लाल शाईने ‘बाद’ लिहायचं. जुन्या आर्ट पेपरचा तो थोडा आंबूस वास येतो. पण कर्करोगाच्या कपाटापुढे उभी राहिले की मला आत्या आठवते.

आत्याला १९७८ साली छातीत गाठ आली. मी पंधरा वर्षांची होते. तिचं ऑपरेशन झालं ते सगळं काढून टाकणारं. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी. १८९० च्या दशकात अमेरिकेत हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने ही रीत घालून दिली, आणि जितकं जास्त कापू तितकं मूळ उपटेल या समजावर ती पाऊणशे वर्षं चालली. आत्याच्या उजव्या बाजूला कातडीखाली बरगड्या मोजता यायच्या. हात खांद्याच्या वर जायचा नाही. आई रोज सकाळी तिची वेणी घालायची, आणि आत्या आरशात न बघता खिडकीबाहेर बघत बसायची. ब्लाउजच्या त्या बाजूला ती आजोबांच्या जुन्या धोतराची घडी ठेवायची, मऊ पडलेल्या, शंभर धुण्यांच्या. हात सुजायचा तो संध्याकाळी उशीएवढा व्हायचा आणि बांगडी वर सरकवावी लागायची. त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. जीव वाचला ना, एवढंच. पुढे एकवीस वर्षं जगली आणि दुसऱ्याच कारणाने गेली.

नोकरीत लागून बरीच वर्षं झाल्यावर एका नव्या ग्रंथाच्या नोंदी करताना मी सहज स्तनाच्या कर्करोगाचं प्रकरण वाचलं. बर्नार्ड फिशर नावाच्या सर्जनने १९७१ मध्ये एक मोठी चाचणी सुरू केली होती. स्नायूंसकट सगळं काढणं आणि नुसता स्तन काढणं, यात जगण्याच्या वर्षांत फरक पडतो का? पडत नाही, असं दाखवणारे पहिले निकाल १९७७ मध्ये छापून आले होते. आत्याच्या ऑपरेशनच्या एक वर्ष आधी. मी ते पान तीनदा वाचलं. आधी त्या सर्जनचा राग आला, मग तो ओसरला. त्यांनी शिकताना जे पुस्तक वापरलं त्यात जे होतं ते केलं, मनापासून केलं, तिला वाचवलंही. १९७७ चं नियतकालिक बोटीने इकडे येऊन, कुणीतरी वाचून, त्याचं पुस्तक होऊन, ते आमच्या भागातल्या कपाटात पोचायला किती वर्षं लागणार? तरी आईच्या हातातली ती फणी डोळ्यांपुढून जात नाही. त्या दिवसापासून मी या कपाटाच्या बाबतीत कडक झाले. आणि इतकी कडक होऊनही २०१२ ची आवृत्ती मीच त्या मुलाला दिली.

आता पडद्यावर वाचायच्या संदर्भांची सोय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं पीडीक्यू म्हणून एक भांडार आहे. त्यात प्रत्येक आजाराचे दोन मजकूर असतात, डॉक्टरांसाठी वेगळा आणि रुग्णांसाठी वेगळा, आणि प्रत्येकावर शेवटची दुरुस्ती कधी झाली ती तारीख असते. तज्ज्ञांची मंडळं नवीन काय छापून आलं ते वरचेवर बघतात. पुरावा किती बळकट, किती तकलादू, तेही लिहिलेलं असतं. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. जो ग्रंथ सगळ्याच गोष्टी सारख्याच ठाम आवाजात सांगतो त्याची मला भीती वाटते. अंडाशयाच्या कर्करोगाचं बघा. रक्तातलं सीए-१२५ नावाचं प्रथिन दरवर्षी तपासलं की तो लवकर सापडेल आणि जीव वाचतील, असं किती वर्षं वाटत होतं. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायका घेऊन त्याची चाचणी झाली, २०२१ मध्ये शेवटचा निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. तरीही आमच्या गावात महिला दिनाच्या सुमाराला लागणाऱ्या तपासणीच्या पॅकेजांत सीए-१२५ असतं, आणि आकडा थोडा वर गेला की बाई रात्र रात्र झोपत नाही. तो आकडा पाळीत वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, पोटाच्या क्षयात तर भलताच वाढतो. पोटात पाणी, वजन उतरलेलं, सीए-१२५ वाढलेलं, सगळ्यांनी कर्करोग धरलेला, आणि तुकड्यात क्षय निघाला, अशा गोष्टी आमच्या इथल्या पदव्युत्तर मुलांच्या तोंडून मी कितीतरी वेळा ऐकल्यात. परदेशी ग्रंथांत त्याला एखादी ओळ मिळते. तिथे ते पुरेसं असेल. इथे त्याला अख्खं पान हवं.

कुणाच्या अंगावरून हे पुस्तक लिहिलंय, हा प्रश्न मला याच कपाटाने शिकवला. स्तनाच्या कर्करोगाचे वयाचे तक्ते परदेशी बायकांचे, आणि आपल्याकडे हा आजार त्यांच्यापेक्षा साधारण दशकभर आधी गाठतो. पन्नाशीनंतर मॅमोग्राफी, असं वाचून आमच्याकडची बेचाळीस वर्षांची बाई गाठ हाताला लागत असूनही वाट बघते. पाच वर्षं जगण्याचे टक्के तिथल्या नोंदींवरचे, जिथे बहुतेक बाया लवकर सापडतात. त्या टक्क्यांना आपलं नाव लावून घेणाऱ्या नातेवाइकांना मी वाचनकक्षात वही उघडून बेरीज-वजाबाकी करताना बघितलंय. रॅकसुद्धा दोन. ड्यूईच्या वर्गीकरणात स्त्रीरोग ६१८.१ ला, कर्करोग ६१६.९९४ ला. मधल्या जागेत बाई.

आणि तरी त्याच ग्रंथांच्या तळटीपांत आमचा भाग भेटतो.

पहिल्यांदा ‘उस्मानाबाद’ हे नाव मी एका परदेशी ग्रंथाच्या संदर्भसूचीत बघितलं तेव्हा बोट त्यावरच राहिलं. १९९९ पासून तिथल्या खेड्यांमधल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एका अभ्यासात घेतल्या होत्या. मुंबईचं टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. एका गटाची एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग ज्यातून होतो त्या विषाणूची, चाचणी एकदाच केली, एकाची पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी पुसून घेऊन तपासणी, एकाची नुसतं अॅसेटिक अॅसिड, म्हणजे पातळ केलेलं व्हिनेगर, लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला आजाराची माहिती दिली, तपासणी कुठे होते ते सांगितलं, तपासणी केली नाही. २००९ मध्ये निकाल आला. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४ हजार बायकांत या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटातल्या साडेएकतीस हजारांत ६४. आज जगभर तिशीनंतर एचपीव्हीची चाचणी करा असं सांगतात, तिथे उस्मानाबादचा दाखला असतोच. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांचा अभ्यासही असाच: दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून दर दोन वर्षांनी तपासलं आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मला याचा अभिमान वाटतो, आणि त्या अभिमानाखाली काहीतरी टोचत राहतं. त्या ६४ जणी. तपासणीने जीव वाचतो हे तिकडच्या देशांना माहीत होतं, मग न तपासलेला गट ठेवावाच का, यावर पुढे जाहीर वाद झाला. दुसरी बाजूही खोटी नाही. तेव्हा तिथे कुणाचीच तपासणी होत नव्हती, अभ्यास झाला म्हणून ऐंशी हजारांच्या आसपास बायकांची तरी झाली. मी दोन्ही बाजू वाचल्यात. माझा निकाल लागत नाही.

पुढच्या संक्रांतीच्या आठवड्यात मी मामांच्या घरी गेले. शेक संपून पंधरा दिवस झाले होते. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पोटावर गोधडी, चेहरा उतरलेला पण डोळे स्वच्छ. तोंडाची चव गेली होती, दिवसातून चारदा शौचाला जावं लागत होतं. तिळगूळ त्यांनीच दिला. मी माफी मागायला म्हणून गेले होते, पण त्यांनी मला तिथवर येऊच दिलं नाही. “पोरगं हुशार हाय, पर घाईचं हाय,” एवढंच म्हणाल्या.

मग आपणहून सांगत बसल्या. माहेर-सासर दोन्ही उस्मानाबादकडचं, मामांच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. “आमच्याकडं जीप यायची बघा, बाया तपासाया. सासूला नेलं, मोठ्या जावंला नेलं. मी बी निघाले हुते लुगडं नेसून. तर ती बाई म्हणली, तुझं वय बसत न्हाई, तिशी झाल्यावर बघू. मी सत्तावीसची.” सासूला काही निघालं नाही. आणि यांना? “दोन वर्सं अंगावरनं जात हुतं. वास यायचा. मग कंबर दुखायला लागली. कुणाला सांगायचं ते?” सासूला काही निघालं नाही म्हणून यांनाही वाटलं, आपल्याला कुठनं.

मी त्यांच्यासाठी एक मराठी पुस्तक नेलं होतं, स्त्रियांच्या आजारांवरचं, चांगल्या डॉक्टरांनी मनापासून लिहिलेलं. आमच्याकडच्या संग्रहातलं त्यातल्या त्यात ताजं. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण चष्मा नव्हता, म्हणाल्या तुम्हीच वाचा. मी सूची उघडली. ‘अं’ खाली अंडाशय होतं, अंतःस्राव होतं. ‘अंगावरून जाणे’ नव्हतं. ‘पि’ खाली पिशवी नव्हती. मी ‘श्वे’ कडे गेले, तिथून पान काढलं आणि वाचायला लागले: श्वेतप्रदर दीर्घकाळ राहिल्यास, दुर्गंधीयुक्त असल्यास, समागमानंतर रक्तस्राव होत असल्यास गर्भाशयग्रीवेची तपासणी करून घ्यावी. एक शब्द चुकीचा नव्हता. मामी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“ह्ये कुणाचं वाचताय?”

“तुमचंच,” मी म्हटलं.

पर्समध्ये पेन्सिल होती. तीस वर्षांत मी ग्रंथालयाच्या पुस्तकावर कधी रेघ मारली नव्हती, मुलांना त्यासाठी दंड केला होता. मी ‘श्वेतप्रदर’ वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, अंगावरून पांढरं जाणं. ‘गर्भाशयग्रीवा’ वर लिहिलं, पिशवीचं तोंड. ‘समागमानंतर’ पाशी थांबले, मामांकडे पाहिलं. ते उठून अंगणात गेले. मामींनी पदर तोंडाशी नेला, जरा हसल्या आणि हळू आवाजात त्यांच्याकडे बायका काय म्हणतात ते सांगितलं. मी तेही लिहिलं.

“आता वाचा,” त्या म्हणाल्या, आणि आतल्या खोलीतल्या सुनेला हाक मारली.